हिरडीच्या रंगाची गाडी

आत्याने गाडी आणली त्या दिवशी तिचा धाकटा भाऊ फाटकाशी उभा होता. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं, पुन्हा गाडीकडे पाहिलं, आणि खांबाला धरून तो हळूहळू खालीच बसला. हसू आवरेना, उभं राहवेना, दुसरं काय करणार बिचारा!

"ताई," डोळे पुसत तो म्हणाला, "अगं, ही गाडी आहे की कवळी?"

हे दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर त्यात काही गंमत नव्हती. पण आत्याचा सगळा जन्म कवळ्या करण्यात गेलेला. गावातल्या दातांच्या डॉक्टरांकडून तोंडांचे साचे यायचे, आणि आत्या नि तिच्या लॅबमधली मंडळी त्यांच्यावर हिरड्या चढवून, दात बसवून, घासूनपुसून बत्तिशी परत पाठवायची. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू आत्याच्या हातचं होतं. आणि गाडीचा रंग? तंतोतंत हिरडीचा. विटका, पिठूळ, धड गुलाबी नाही नि धड पांढरा नाही.

"दात काढू नकोस," आत्या म्हणाली. "काढलेस तर बसवायला माझ्याकडेच यावं लागेल."

खरं सांगायचं तर रंग तिलाही आवडला नव्हता. पण गाडी होती एका डॉक्टरीणबाईंची. त्यांचे डोळे अधू झाल्यापासून ती अंगणात उन्हातान्हात उभी होती. तरी किल्ली फिरवताच पहिल्या झटक्यात अशी गुरगुरली, जणू कुणीतरी बोलावण्याचीच वाट बघत होती. आत्याचा जीव तिथेच अडकला. त्यात गाडीची परीक्षा पास होता होता शिकवणाऱ्या मास्तरांच्या नाकी नऊ आले होते. पास झाल्यावर आत्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद झाला. आता परवाना हातात आणि गाडी दारात! आत्याला स्वर्ग दोन बोटं उरला. मग तो स्वर्ग हिरडीच्या रंगाचा का असेना.

तर त्या शनिवारी आत्याचा लॅबमधून निरोपाचा समारंभ होता. संध्याकाळी. इतकी वर्षं ती बसने गेली, शेवटच्या दिवशी मात्र स्वतःच्या गाडीने जाणार होती. स्वप्न म्हणाल तर एवढंच. आणि सकाळी सज्जात उभी राहून चहा पिताना तिने खाली पाहिलं, तर गाडीच्या टपावर कबुतरांनी आपली हजेरी लावून ठेवलेली.

"असल्या अवतारात न्यायची होय गं तुला?" आत्या वरूनच म्हणाली. गाडीशी बोलायची सवय तिला पहिल्याच दिवशी लागली होती.

गाडीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराकडून तिने सगळं आधीच आणून ठेवलं होतं. दोन बादल्या, गाडीचा शाम्पू, मऊ फडकी, मातीसारखा एक चिकट गोळा, पॉलिशची बाटली आणि मेणाचा चपटा डबा. दुकानदार भला माणूस, पण बोलका. त्याने अर्धा तास शिकवणी घेतली होती. उन्हात धुवायची नाही. वरून खाली यायचं. एका बादलीत साबण, दुसरीत साधं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं आणि मगच साबणात बुडवायचं, नाहीतर गाडीचीच वाळू गाडीला फासाल आणि ओरखडे काढून ठेवाल.

घराच्या बाजूच्या बोळात दुपार कलेपर्यंत सावली असे. आत्याने साडी खोचली, गाडी बोळात घेतली आणि कामाला लागली. तेवढ्यात धाकटा चहाचा कप घेऊन हजर. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला कुठलंही काम चालत असे.

"दोन बादल्या? आंघोळ घालते आहेस की मंगळागौर पुजते आहेस? भांड्यांचा साबण मार आणि पाइप सोड. पाच मिनिटांचं काम."

"भांड्यांच्या साबणाने तेल निघतं, तसं गाडीच्या अंगावरचं सगळं संरक्षणही निघतं. तू तुझा चहा पी."

कबुतरांची करणी तिने ओलं फडकं ठेवून आधी भिजू दिली आणि मग अलगद उचलली. वाळलेलं खरवडायचं नसतं, हे तिला दुकानदाराने सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर तिने तेच केलं होतं. मग टप, काचा, बॉनेट, दारं आणि शेवटी चाकं. पाणी सोडलं, मऊ फडक्याने टिपून घेतलं. गाडी स्वच्छ झाली. स्वच्छ आणि गुलाबी. उलट आधीपेक्षा जरा जास्तच गुलाबी.

"वा!" धाकटा म्हणाला. "आता कशी, रात्री पेल्यात भिजत घालून सकाळी काढल्यासारखी दिसतेय."

 आत्याने हाताला प्लास्टिकची पिशवी घातली आणि बॉनेटवरून बोटं फिरवली. हीसुद्धा दुकानदाराची युक्ती. उघड्या बोटांना जे जाणवत नाही, ते पिशवीतून जाणवतं. आणि खरंच, धुतलेली गाडी खरखरीत लागत होती, बारीक रवा चिकटल्यासारखी. तिने शाम्पूचं पाणी शिंपडून तो मातीचा गोळा हळूहळू फिरवला. गोळा काळा होई, ती तो मळून पुन्हा स्वच्छ बाजू वर काढी. मेण मळण्यात हयात गेलेल्या हातांना हे काम असं जमलं, की ती गुणगुणायला लागली. खरखर गेली. पत्रा काचेसारखा गुळगुळीत झाला.

मग तिने पॉलिश घेतलं. दुकानदाराने बजावलं होतं, आधी कोपऱ्यात करून बघा. आत्या डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्याशी उकिडवी बसली, फडक्यावर थेंबभर पॉलिश घेतलं आणि गोल गोल चोळलं. फडकं उलटून पाहिलं, आणि तिचे डोळे पांढरे झाले.

फडकं लाल होतं. लालभडक.

"अरे, रंग निघाला!" आत्या ओरडली. "अरे धाकट्या, गाडीचा रंग निघाला!"

धाकटा कप ठेवून धावला. फडकं पाहून त्याच्याही तोंडचं पाणी पळालं, पण जिभेला काय होतंय! "तरी मी म्हटलं होतं..."

"तू काहीही म्हटलं नव्हतंस!"

आत्याने लाल बोटांनीच दुकानदाराला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी जुनी आहे ना? वर पारदर्शक थर नसलेली?"

"जुनीच आहे हो. गुलाबी आहे."

"गुलाबी नाही बाई. गाडी लालच असणार. उन्हाने वरचा रंग मेलाय, तो फडक्यावर येतोय. जिवंत रंग खाली आहे. जिथे चोळलंत ते पुसून बघा की!"

आत्याने स्वच्छ फडकं घेऊन कोपरा पुसला.

आणि तिथे, त्या पिठूळ गुलाबी दारावर, तळहाताएवढा एक डाग असा लकाकला, की जणू भिंतीत खिडकी उघडली. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. त्यात आत्याचा चेहरा दिसत होता, चष्म्यासकट. शेजारी धाकट्याचा चेहरा होता. त्याने आ वासला होता आणि मागची दाढ भरून घ्यायला झाली होती, तेही दिसत होतं.

 मग आत्याच्या पोटातून हसू असं वर आलं, की ती बसल्या जागी कलंडली. धाकटा तिला उठवायला गेला आणि स्वतःच तिच्या शेजारी बसला. साठीची बहीण आणि पन्नाशी ओलांडलेला भाऊ बोळातल्या ओल्या फरशीवर बसून खिदळत होते, आणि हसू ओसरलं की पुन्हा त्या डागाकडे बघून नव्याने फुटत होते.

"लाल आहे गं!"

"लाल आहे रे!"

"मी कवळी म्हटलं हिला!"

"तिने सगळं ऐकलंय. आता माफी माग, आणि ते फडकं घे."

धाकट्याच्या अंगात आलं. ज्या माणसाने स्वतःचा कप कधी विसळला नाही, तो बाह्या सरसावून मागच्या दाराला भिडला. आत्याने त्याला रीत शिकवली: एका वेळी हातभर जागा घ्यायची, जोर लावायचा नाही, दमाने गोल फिरवायचं, कडेला तर हलक्या हाताने, कारण कडेला रंग पातळ असतो. तो प्रत्येक हातभर जागा झाली की आरोळी ठोकी, "आणखी एक जिवंत केला!" फडकी लाल झाली की बादलीत खळबळायची, पिळायची, पुन्हा घ्यायची. बादलीतलं पाणी लालजर्द झालं. धाकट्याच्या धक्क्याने ती कलंडली आणि तो लाल ओघळ बोळातून थेट रस्त्यावर गेला.

भावजय भाजी घेऊन परत येत होती. तिने ओघळ पाहिला. ओघळाच्या टोकाला नवरा पाहिला. त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते आणि शेजारी नणंद जमिनीवर पडून गदगदत होती.

पिशवी हातातून सुटली. "अगं बाई! वन्सं!"

तिची किंकाळी अशी होती, की समोरच्या घरातल्या निवृत्त नर्सबाई मलमपट्टीची पेटी घेऊन अनवाणीच धावत आल्या. "कुठे लागलंय? दाबून धरा! हात वर करा!" धाकट्याने घाबरून खरंच दोन्ही हात वर केले. नर्सबाईंनी मनगट धरलं, नाडी पाहिली, बोटं हुंगून पाहिली आणि भुवया चढवल्या.

"हे रक्त नाही."

"गाडीचं आहे," आत्या कशीबशी म्हणाली.

सगळा उलगडा व्हायला वेळ लागला, कारण जो सांगायला जाई तो अर्ध्यातच हसायला लागे. भावजयीने आधी दोघांना चार शब्द सुनावले, मग तो लाल दरवाजा पाहिला, मग पदर खोचला. "सरका. तुम्हाला धड पुसताही येत नाही." नर्सबाईंनी पेटीतला कापूस काढला आणि त्या दाराच्या मुठीभोवतीच्या खाचा पुसायला बसल्या. म्हणाल्या, जखमेपेक्षा हे बरं, ओरडत नाही.

गप्पांत, हसण्यात आणि चोळण्यात ऊन कधी बोळात शिरलं ते कळलंच नाही. उन्हात पॉलिश फडक्याखालीच वाळू लागलं. आत्याने हात थांबवले आणि दोन पावलं मागे होऊन पाहिलं.

गाडीची डावी बाजू लालबुंद झाली होती. उजवी बाजू तशीच होती. बॉनेटच्या आणि टपाच्या मधोमध सरळ रेघ पडली होती. जणू दोन वेगळ्या गाड्या उभ्या कापून कुणी मधोमध शिवल्या असाव्यात.

"झालं कल्याण," धाकटा म्हणाला. "ताई, समारंभाला निघायची वेळ झाली. माझी गाडी घेऊन जा. नाहीतर मीच सोडतो."

आत्याने गाडीकडे पाहिलं. एरवी ती अशी बाई नव्हती. कवळीच्या एका दातावर केसभर डाग राहिला तरी ती कवळी तिने बाहेर जाऊ दिली नव्हती. अर्धवट काम घेऊन चारचौघांत जायचं, तेही आपल्या निरोपाला? पण सकाळपासूनचं हसू अजून तिच्या अंगात भिनलेलं होतं आणि त्या हसण्यापुढे शहाणपणाचं काही चालेना.

"आहे तश्शीच नेणार," ती म्हणाली. "आणि तुम्ही सगळे मागून या. पॉलिश आणा."

"पॉलिश कशाला?"

"आणा तर!"

ती नवी साडी नेसून खाली आली. नखांतली लाली काही गेली नव्हती. किल्ली फिरवली, गाडी गुरगुरली.

रस्त्यावर जी तारांबळ उडाली ती विचारू नका. डावीकडची माणसं म्हणत, काय लाल गाडी आहे! उजवीकडची म्हणत, काय गुलाबी गाडी आहे! मोठ्या चौकात वाहतूक पोलिसाने उजवीकडून येणाऱ्या लाल गाडीला हात करून पुढे घेतलं, तो वळला, आणि पाहतो तो त्याच्यासमोरून एक गुलाबी गाडी निघून चाललेली. शिट्टी त्याच्या तोंडातच राहिली. त्याने लाल गाडी शोधायला मागे पाहिलं, पुढे पाहिलं. आत्याने त्याला मान लववली आणि वळण घेतलं. मागून भावाच्या गाडीतून भावजयीच्या हसण्याचा आवाज चौकभर ऐकू आला.

लॅबच्या आवारात मंडळी वाट बघत उभीच होती. साच्यांचं काम करणारे प्लास्टरवाले काका, दात बसवणाऱ्या दोघी मैत्रिणी, घासकामावरची पोरं, आणि सर्वांत पुढे मोठे साहेब. साहेब म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. त्यांना हसताना पाहिल्याचं कुणी शपथेवर सांगू शकलं नसतं. गाडी डाव्या अंगाने आत आली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वळून उभी राहिली आणि उजवी बाजू समोर आली, तेव्हा टाळ्या एकदम बंद पडल्या.

"आत्या," मैत्रिणींपैकी एक म्हणाली, "ही बाजू म्हणजे आपल्या सतरा नंबरच्या रंगाची हिरडी आहे."

"तेच म्हणते मी! आणि खाली काय आहे बघ!"

आत्याने डावी बाजू दाखवली, फडकं दाखवलं, सकाळची हकिकत सांगितली. सांगता सांगता तिला पुन्हा हसू फुटलं आणि ते साथीसारखं पसरत गेलं. प्लास्टरवाले काका पुढे आले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून लाल-गुलाबी सीमेवर अंगठा फिरवला आणि गंभीरपणे म्हणाले, "असं अर्धवट काम दारात उभं असताना मला आत जाऊन केक गिळवणार नाही."

विचार करा, त्या आवारात जमलेल्या प्रत्येकाचा धंदा काय? घासणं आणि चमकवणं! उपाशी माणसासमोर वाढलेलं ताट ठेवावं, तशी ती गुलाबी बाजू त्यांच्यासमोर उभी होती. क्षणात कापूस आला, मऊ फडकी आली, धाकट्याने पॉलिश पुढे केलं. घासकामावरच्या पोरांतला एक घासायची मोटर आणायला पळाला, त्याला आत्याने वाटेतच अडवलं. "मोटर नाही! कडेला पत्र्यापर्यंत जाशील. हाताने!" एकाने दार धरलं, एकीने बॉनेट. भावजय नि नर्सबाई जुन्या जाणत्यांसारख्या मधून हिंडत नव्या लोकांना शिकवू लागल्या, "गोल फिरवा, गोल. जोर लावायचा नाही."

साहेब पायरीवर हातात भाषणाचे कागद घेऊन उभे होते. "मंडळी," ते म्हणाले. कुणी ऐकलं नाही. "मंडळी, समारंभाची वेळ..." चोळण्याचा आवाज तेवढा येत होता. साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग कागद घडी करून खिशात ठेवले, कोट काढला, तो नीट पायरीवर घातला आणि येऊन आत्याशेजारी उभे राहिले.

"मला कुठली जागा?" त्यांनी विचारलं.

"आरशामागची घ्या, साहेब. अवघड आहे."

"अवघड कामं मी पूर्वी करायचो," साहेब म्हणाले आणि खरोखर इतक्या नजाकतीने फडकं फिरवायला लागले, की प्लास्टरवाले काका हात थांबवून बघत राहिले. थोड्याच वेळात साहेबांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्या लाल झाल्या. पुसलेल्या जागेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि तो चेहरा हसत होता. साहेब दचकलेच.

शेवटी मागच्या दाराजवळ वीतभर गुलाबी उरलं. दोघी मैत्रिणी म्हणाल्या, एवढं राहू द्या आत्या, आमची आठवण म्हणून. सगळे थांबले.  उद्यापासून या हातांना सकाळी जायला जागा नव्हती, हे आत्याला दिवसभरात पहिल्यांदाच आठवलं. तिने सगळ्यांच्या लाल हातांकडे पाहिलं.

"हिरड्या आयुष्यभर बघितल्या गं," ती म्हणाली. "आणि आठवण कशाला ठेवू? तुम्ही काय मेलात का?"

तिने फडकं उचललं आणि ती वीतभर जागा स्वतः लाल केली.

मग मेण. ऊन उतरलं होतं, आवारात सावली होती, वेळ अगदी बरोबर. आत्याने सगळ्यांना दटावून सांगितलं, लोणी थापल्यासारखं फासायचं नाही, असून नसल्यासारखा पातळ थर द्यायचा. हा थर म्हणजे रंगाची छत्री. ऊन, पाणी, पाखरं, जे पडेल ते आधी याच्यावर पडेल. मेण धुरकट होईपर्यंत सगळे केक खायला बसले. एरवी दहा मिनिटांत संपणारा तो केक लाल बोटांनी खाण्यात फार वेळ गेला. मग शेवटचा हात फिरला, धूसरपणा निघून गेला, आणि गाडी अशी झळकली की समोरची इमारत, झाड, आभाळ सगळं तिच्या अंगावर उतरलं. धाकट्याने गाडीला कोपरापासून हात जोडले.

"चला, चक्कर मारू!" आत्या म्हणाली. "कोण येतंय?"

सगळेच आले. जेवढे मावतील त्याहून जास्त आत शिरले. मैत्रिणी मागे, काका त्यांच्या मधे दाबून बसलेले, भावजय खिडकीशी आणि साहेब पुढे, गुडघ्यांवर कोट घेऊन. बाकीचे धाकट्याच्या गाडीत घुसून मागे निघाले. आवाराबाहेर पडल्यावर साहेबांना एकदम आठवण झाली.

"अहो, माझं भाषण राहिलं!"

"मग म्हणा की! रस्ता मोकळा आहे."

साहेबांनी खिशातले कागद काढले, खिडकीतल्या वाऱ्यात दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि एरवी सभागृहात वापरतात त्याच आवाजात सुरुवात केली. "आज आपण ज्यांना निरोप देत आहोत..." मागून काका ओरडले, "देत नाही साहेब, त्याच आपल्याला घेऊन चालल्यात!" गाडीत असा हशा उसळला की साहेबांची ओळ चुकली. ती शोधता शोधता तेही हसू लागले, आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. आत्या एकीकडे ऐकत होती, एकीकडे आरशात बघत होती. भाषणात तिचं कौतुक नुकतंच सुरू झालं होतं आणि घराचं वळण समोर आलं होतं.

आत्याने वळण सोडलं आणि लांबचा रस्ता धरला.